कुठून परतायचं?

देवरे सर लग्नाला आले की यजमानांना आनंद होण्याआधी घड्याळ आठवायचं. सर मांडवाच्या दारातच मुहूर्त विचारायचे आणि मग आपल्या पत्नीकडे, आमच्या काकूंकडे, वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे, "दीडपर्यंत अक्षता पडल्या नाहीत तर आपण परत." लोकांना ती थट्टा वाटायची. लासलगावला काकूंच्या सख्ख्या भाच्याच्या लग्नात मात्र ती थट्टा नसल्याचं सगळ्यांना कळलं. नवरदेवाचे मित्र मारुतीच्या देवळासमोर असे नाचायला लागले की वरात जागची हलेना. मुहूर्त टळला, दीड वाजला, आणि सर उठले. काकू रडकुंडीला आल्या. "अहो, भाचा आहे माझा!" सर म्हणाले, "भाचा आहेच. पण ठरलं होतं." घोड्यावर बसलेल्या नवरदेवाने आपले आतोबा उपाशीपोटी परत चाललेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्या घरातून दिवाळीचा फराळ येणं बंद झालं ते पुष्कळ वर्षं.

सर मूळचे सटाण्याकडचे. हवाई दलात मालवाहू विमानांवर दिशादर्शक होते. म्हणजे विमान चालवणारा पुढे बसायचा आणि हे त्याच्या मागे नकाशा घेऊन. "मी गाडी कधी चालवली नाही, वाट सांगितली," असं म्हणायचे. निवृत्त झाल्यावर देवळाली कॅम्पात बाजाराच्या मागे दोन खोल्या घेऊन त्यांनी वैमानिक व्हायला निघालेल्या मुलामुलींना हवामान आणि दिशादर्शन शिकवायला सुरुवात केली. मी तिथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवते. रविवारी सरांच्या वर्गावर जाऊन मी मुलांचं इंग्रजी घासूनपुसून द्यायचे आणि मुलाखतीची तयारी करून घ्यायचे. "तुम्हाला वैमानिक का व्हायचंय?" या प्रश्नाचं उत्तर बसवून घेणं हे माझं मुख्य काम. दर वर्षी प्रत्येक मुलाच्या उत्तरात एक गच्ची असायची, गच्चीवर तो लहानपणी उभा असायचा, आणि वरून एक विमान जायचं. त्यानंतर 'पॅशन' हा शब्द यायचा. मी व्याकरण दुरुस्त करायचे, गच्ची तशीच ठेवायचे.

सरांना ही उत्तरं वाचून दाखवली की ते कपाळाला हात लावायचे. "बाई, सगळ्या नाशकाच्या गच्च्यांवर पोरं उभी आहेत. विमानात बसायला कोणी आहे का?"

त्यांची स्वतःची पद्धत निराळी होती. नव्या मुलाला ते पहिल्याच दिवशी विचारायचे, "तुला कंटाळा किती सोसतो?" मुलगा गोंधळायचा. मग सर त्याला दुपारभर वर्गाच्या पत्र्यावर बसवायचे, फोन काढून घ्यायचे आणि सांगायचे, ढग बघ, आणि काही बदललं की खाली येऊन सांग. काही बदलायचं नाही. संध्याकाळपर्यंत बहुतेकांची पॅशन उन्हाने वाळलेली असायची. "विमान चालवणं म्हणजे हेच," सर म्हणायचे. "काही होत नाही, ते नीट बघत बसायचं. ज्याला त्यात गंमत वाटते तो आपला."

त्यांच्याकडे पांढरी, बऱ्यापैकी म्हातारी मोटार होती. दूध आणायला निघाले तरी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा व्हायची. चारही चाकांना हात लावायचा, दिवे पाहायचे, खाली वाकून तेलबिल गळतंय का ते बघायचं. काकू खिडकीतून ओरडायच्या, "अहो, दुधाला चाललात का लंडनला?" सर शांतपणे दार उघडायचे आणि शेजारी जो कोणी बसला असेल त्याला विचारायचे, "कुठून परतायचं?" कुठे जायचंय हे त्यांनी कधीच विचारलं नाही. परतायचं कुठून, म्हणजे काय झालं तर पुढे जायचं नाही, एवढंच त्यांना निघण्याआधी ठरवून हवं असायचं. ठरवल्याशिवाय ते चावी फिरवत नसत.

माणूस हसतमुख होता, पण आतून सतत काळजीत. शिकून गेलेली मुलं कुठे कुठे विमानं चालवायला लागली होती. आभाळ भरून आलं की सर सज्जात येऊन उभे राहायचे. "विनय आज कुठे असेल हो? आणि ती घोटीची पोरगी?" मी म्हणायचे, "सर, नाशकात ढग आले म्हणून गुवाहाटीत पाऊस पडत नाही." ते मान हलवायचे आणि तिथेच उभे राहायचे. तेव्हा मला ते थोडं हास्यास्पद वाटायचं. पुढे माझ्यावर ती पाळी आली.

सरांची खरी परीक्षा वणीच्या वाटेवर व्हायची. श्रावणात ते एकेका मुलाला म्हणायचे, "चल, गडावर देवीला जाऊन येऊ. घरच्यांनाही घे." मुलाने गाडी चालवायची, सर शेजारी, घरचे मागे नारळ आणि ओटीचं सामान घेऊन. निघताना तोच प्रश्न: कुठून परतायचं? मुलाने स्वतः ठरवायचं. कोणी म्हणायचं, घाटाच्या पायथ्याला धुकं असलं तर. कोणी म्हणायचं, पाऊस जोराचा लागला तर. श्रावणात सप्तशृंगीचा गड ढगात असतोच. त्यामुळे नांदुरीला, घाटाच्या तोंडाशी, वेळ हटकून यायची.

आणि आपल्याकडे पायथ्याशी जाऊन देवीचं दर्शन न घेता कोणी परत फिरतं का?

पिंपळगावचे एक द्राक्ष बागाईतदार मुलाला घेऊन आले होते. "सर, पोराला लय आवड हाय. बारीक होता तव्हापासून इमान दिसलं का पळत जाऊन हात हलवायचा." सर म्हणाले, "मीपण हलवायचो. म्हशीवर बसून." मुलगा हुशार होता, माझ्या वर्गात त्याचं उत्तर सगळ्यांत छान होतं. त्याने ठरवलं होतं, पुढचं वळण दिसलं नाही तर परत. नांदुरीला वळणच काय, पुढची जीपसुद्धा दिसेना. मागून आई म्हणाली, "आता आलोच नं बाळा. आईच्या दारातून कुठं माघारी जायचं?" मुलगा म्हणाला, "सर, हळूहळू घेतो." सर म्हणाले, "बरं." सगळे वर गेले. सुखरूप गेले, छान दर्शन झालं, पेढे घेतले, सुखरूप खाली आले.

दुसऱ्या दिवशी सरांनी मुलाला सांगितलं की तू दुसरं काहीतरी बघ. बागाईतदार तणतणत आले. मी तिथेच होते.

"देवीचं दर्शन घेतलं म्हणून नापास? हे कुठलं शिक्षण?"

"दर्शन घेतलं म्हणून नाही. यानं स्वतः ठरवलेलं मोडलं."

"पण झालं काय? काय वाईट झालं का?"

"काही झालं नाही, हेच वाईट झालं," सर म्हणाले. "आता हा पुढच्या वेळीही मोडेल."

बागाईतदारांनी मुलाला दुसरीकडे घातलं. तो रीतसर वैमानिक झाला, आणि आजवर त्याच्या केसालाही धक्का लागलेला नाही. लोक सरांना मुद्दाम ते सांगायला यायचे. सर मनापासून म्हणायचे, "फार चांगलं झालं." मात्र त्याच्याबद्दल ते इतरांपेक्षा जास्त विचारायचे. "तो पिंपळगावचा, बरा आहे ना?"

मी एकदा चिडून विचारलं की हे परतायचं खूळ तुमच्या डोक्यात शिरलं कुठून. मला वाटलं, एखादा अपघात असेल, गेलेला मित्र असेल. सरांनी चहाची बशी खाली ठेवली.

"ईशान्येला होतो. डोंगरातल्या ठाण्यावर धान्य टाकायचं होतं. खिंडीच्या तोंडाशी ढग आला. मी पायलटला म्हटलं, सर, इथून परत. निघताना आपण ठरवलं होतं. तो म्हणाला, खाली पोरं उपाशी आहेत. मी म्हटलं, तरी परत. फिरलो आम्ही."

"आणि?"

"आमच्या मागून दुसरं विमान आलं. ते गेलं खिंडीत."

"सापडलं का मग ते?" मी विचारलं.

"पोचलं," सर म्हणाले. "धान्य टाकून, चहाच्या वेळेला परत आलं. आम्हाला मेसमध्ये लोक हसले. माझा पायलट महिनाभर माझ्याशी बोलला नाही."

"म्हणजे तुमचं चुकलं होतं?"

"नाही," सर म्हणाले, आणि बशी तोंडाला लावली.

या माणसाकडे एके दिवशी मी माझी मुलगी घेऊन गेले. सायली माझी एकुलती एक. तिचे बाबा ती नववीत असताना हृदयविकाराने अचानक गेले, त्यानंतर घरात आम्ही दोघीच. बारावी झाल्यावर तिने सांगितलं, मला विमान चालवायचंय. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांना पॅशनचे परिच्छेद लिहून देत होते. आता घरात तो शब्द आला तेव्हा मला तो ऐकवेना. मी सरांना एकटीने गाठलं आणि स्पष्टच म्हणाले, "सर, तुम्ही तिला नाही म्हणा. तुमचं ती ऐकेल." सर म्हणाले, "बाई, ते मी नाही म्हणत. ते ज्याचं तोच म्हणतो."

तिने पत्र्यावरची दुपार काढली. संध्याकाळी खाली येऊन म्हणाली, "तीनच्या सुमाराला वारा फिरला, सर." सरांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते पाहून माझी झोप उडाली.

श्रावणात आम्ही निघालो. सायली गाडी चालवत होती, सर शेजारी, काकू आणि मी मागे. माझ्या मांडीवर ओटीचं ताट होतं, खण, नारळ, हिरव्या बांगड्या. हे तिला माहीत नव्हतं, पण मी देवीला नवस बोलले होते की पोरीच्या डोक्यातून हे जाऊ दे. दिंडोरी गेली, वणी गेली. नांदुरीला पोचलो तर समोर सगळं पांढरं. तिने ठरवलं होतं, घाटाचं पहिलं वळण दिसलं नाही तर परत. वळण दिसत नव्हतं. माझ्या दृष्टीने सगळं जुळून येत होतं. तिने पुढे गाडी घातली तर सर नापास करणार, आणि माझी पोर जमिनीवर राहणार. मला फक्त बोलायचं होतं, आणि बोलणंही खोटं नव्हतं, कारण ओटी परत न्यायची म्हणजे माझ्या काळजाचं पाणी होत होतं.

"सायली, ओटी आहे गं. देवीच्या दारातून भरली ओटी माघारी नेत नाहीत. तुझ्या बाबांनंतर मी कधी काही मागितलं नाही. सावकाश चल, पण चल."

मागच्या जीपवाल्याने हॉर्न वाजवला. भाविकांची गाडी आम्हाला वळसा घालून जयजयकार करत धुक्यात शिरली. सर खिडकीबाहेर बघत होते, जणू ते गाडीत नव्हतेच. आरशात मला सायलीचे डोळे दिसले, त्यांत पाणी होतं.

"आई, परत," ती म्हणाली, आणि गाडी वळवली.

वणी येईपर्यंत मी रडत होते, रागाने आणि भीतीने. काही वाईट होणार अशी खात्रीच वाटत होती. सर मागे वळून म्हणाले, "बाई, देवी कुठे जाते? ती तिथंच असते. आपण उरलो तर पुढच्या मंगळवारी येऊ." पुढच्या मंगळवारी आम्ही खरंच गेलो. लख्ख ऊन होतं. मी ओटी भरली, आणि नवसाचं काय करायचं ते न कळून नुसती उभी राहिले.

तुम्ही म्हणाल, आधीची मुलं पुढच्यांना ही परीक्षा सांगत नसतील का? मीही सायलीला नंतर विचारलं, "तुला माहीत होतं ना?" ती म्हणाली, "सगळ्यांना माहीत असतं, आई. तरी फिरवत नाही गाडी. मागून आपलं माणूस बोलायला लागलं की माहीत असलेलं काही उपयोगाचं राहत नाही."

ती शिकली, दूरच्या गावी जाऊन तिने उड्डाणाचे तास भरले, आणि एका प्रवासी कंपनीत सहवैमानिक झाली. माझ्या फोनवर विमानं दाखवणारं एक ॲप आलं आणि माझा जीव कायमचा टांगणीला लागला. पडद्यावर तिचं पिवळं विमान थोडं जरी थबकलं तरी मी सरांना फोन लावायचे. ते समजावायचे, पण मला ठाऊक होतं की तेही सज्जात उभे असणार. आम्ही दोघं एकमेकांना धीर द्यायचो आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास नसायचा.

मग सर आजारी पडले. फुप्फुसं थकली होती. चार पावलं चालले की धाप लागायची. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. सरांनी ते काकूंच्या तोंडावरून ओळखलं आणि एकच गोष्ट मागितली. "सायलीला ओझरच्या विमानतळावर उतरताना बघायचंय. मग तिच्याशी दोन शब्द बोलायचेत." ते दोन शब्द कोणते, ते त्यांनी काकूंनाही सांगितलं नाही.

तोवर तिला नाशिकचं उड्डाण कधी मिळालं नव्हतं. मग एकदा मिळालं. दुपारी येऊन, थोडा वेळ थांबून परत जायचं होतं. तेवढ्या वेळात तिला बाहेर येऊन भेटता येईल का, यासाठी मी कोणाकोणाच्या हातापाया पडले ते सांगत नाही.

त्या दिवशी सकाळी ऊन होतं. मी माझी गाडी घेऊन गेले. सर माझ्या खांद्यावर हात टाकून बाहेर आले, आणि बसण्याआधी प्रदक्षिणा घालायला लागले. प्रत्येक चाकापाशी थांबायचे, दम घ्यायचे, हात लावायचे. काकू या वेळी लंडनचं काही बोलल्या नाहीत. मग आत बसून त्यांनी विचारलं, "कुठून परतायचं?"

"सर, ओझर तर आहे. ती उतरेल, तुम्ही भेटाल, मग परत."

"नाही उतरली तर?"

"असं अभद्र बोलू नका हो," मी म्हणाले.

द्वारका चौक ओलांडेपर्यंत पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. अवकाळी. जानोरीच्या रस्त्याला, विमानतळाच्या कुंपणाशी आम्ही पोचलो तेव्हा ढग इतके खाली आले होते की पलीकडच्या झाडांचे शेंडे दिसेनात. पाऊस लागला. सरांनी काच खाली करायला लावली, मग ऐकेनात म्हणून आम्ही त्यांना बाहेर काढून छत्रीखाली उभं केलं. आसपास विमान बघायला आलेली आणखी काही माणसं होती.

आवाज आला. ढगात कुठेतरी, अगदी जवळ, खाली खाली येणारा. मी कुंपणाची जाळी धरली. बाजूची एक बाई म्हणाली, "आलं, आलं!" मला वाटलं, आता उतरेल, आता ढगाखाली दिसेल. सर डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. त्यांना ती यायला हवी होती. त्यांच्याकडे दुसरा दिवस असेलच असं नव्हतं, आणि हे तिलाही माहीत होतं. मीच तिला फोनवर सांगितलं होतं.

एकाएकी आवाज वाढला, केवढ्यातरी मोठा झाला, डोक्यावरून गेला, आणि दूर जायला लागला. मला वाटलं, काहीतरी झालं.

"गयी!" सर ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून त्यांची गावची भाषा ऐकली नव्हती. "फिरनी! पोर मागे फिरनी!"

लोक कुरकुरत पांगले. एकजण म्हणाला, "एवढ्या जवळ येऊन उतरवता नाही आलं? कसले पायलट घेतात." सरांनी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही.

तिचा फोन येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते मला आठवत नाही. आम्ही गाडीत बसलो होतो, काकू सरांचे केस पुसत होत्या. विमान मुंबईला उतरलं होतं. सायली म्हणाली, "आई, ठरलेल्या उंचीवर धावपट्टी दिसली नाही गं. सरांना दे."

सरांनी फोन कानाशी धरला; तिचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "परतायचं कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं.

"मी, सर. कॅप्टननी लगेच वर घेतलं."

सरांनी मान डोलावली, जणू ती समोरच बसली होती.

"सर, मला तुम्हाला भेटायचं होतं."

"भेटलीस की," सर म्हणाले, आणि फोन मला दिला. दोन शब्द झाले होते.

चार दिवसांनी ती सुट्टी काढून आली तेव्हा सर नव्हते. ती त्यांच्या म्हाताऱ्या मोटारीपाशी बराच वेळ उभी होती. देवी तिथंच असते, माणूस नसतो, हे मला सरांना सांगायचं होतं. पण ते त्यांना माहीत असणार, आणि तरीही ते 'परत'च म्हणाले असते.

मला ते आठवतात ते कुंपणापाशी. छत्री माझ्या हातून केव्हाच बाजूला झालेली. आवाज विरत चाललेला, आभाळात काहीही दिसत नाही. आणि सर, ओलेचिंब, धापा टाकत, हात उंच करून त्या न दिसणाऱ्या विमानाला हलवत होते.